पडद्यावरचा ट्री आणि वहीतला ट्री

संगणकात माहिती कशी मांडून ठेवावी आणि हवी तेव्हा ती झटकन कशी शोधावी, या प्रश्नाला गेल्या सहा-सात दशकांत जी उत्तरे मिळाली त्यांत ‘ट्री’ या रचनेचे स्थान फार वरचे आहे, आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याची पहिली खरी दमछाकही बहुधा याच रचनेपाशी होते. त्याआधी शिकलेले अ‍ॅरे आणि लिंक्ड लिस्ट हे प्रकार सरळ रेषेत चालणारे असतात. एका घटकानंतर दुसरा, दुसऱ्यानंतर तिसरा, एवढाच त्यांचा कारभार. ट्रीमध्ये मात्र प्रत्येक घटकापासून, म्हणजे ‘नोड’पासून, पुढे एकाहून अधिक वाटा फुटू शकतात. सर्वांत वरच्या नोडला ‘रूट’ म्हणतात, एखाद्या नोडला खालून जोडलेले नोड ही त्याची ‘चिल्ड्रन’, आणि ज्याच्याखाली काहीच नाही तो नोड म्हणजे ‘लीफ’. मूळ पुरुष वर आणि पुढच्या पिढ्या खाली अशी घराण्याची वंशावळ ज्याने पाहिली आहे त्याला हे चित्र परके वाटणार नाही. अट इतकीच, की इथे प्रत्येक नोडला वर एकच पालक असतो आणि कोणतीही वाट फिरून पुन्हा आपल्याच जागी येत नाही.

या रचनेची गंमत आणि अडचण दोन्ही एकाच गोष्टीत आहेत. ट्रीमधला कोणताही नोड उचलला, तर त्याच्याखालचा सगळा पसारा हा स्वतःच एक लहान ट्री असतो, आणि म्हणून ट्रीवर काम करणारी बहुतेक फंक्शन्स त्या लहान ट्रीसाठी पुन्हा स्वतःलाच बोलावतात. या पद्धतीला ‘रिकर्शन’ म्हणतात. ट्रीची उंची, म्हणजे रूटपासून सर्वांत खोल लीफपर्यंतच्या पातळ्या, मोजायची असेल तर डाव्या बाजूची उंची विचारावी, उजव्या बाजूची विचारावी, दोन्हींतील मोठी घ्यावी आणि तीत एक मिळवावा. रिकाम्या ट्रीची उंची शून्य. चार ओळींत फंक्शन संपते, आणि इतक्या थोड्यात ते कसे संपले हेच नवशिक्याला उमगत नाही. छापील पानावर ही प्रक्रिया आणखीच थिजून जाते, कारण तिथे एकाच आकृतीच्या पाच-सहा प्रती शेजारी शेजारी छापाव्या लागतात, आणि कोणता बाण आधी हलला व कोणता नंतर हे वाचकाला आकृतीखालच्या ओळींवरून ताडावे लागते.

हलत्या चित्राची ही गरज यूट्यूबच्या कितीतरी आधी ओळखली गेली होती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन नोल्टन यांनी १९६६ मध्ये ‘एल-सिक्स’ या आपल्या संगणकभाषेची ओळख करून देणारा जो चित्रपट केला, त्यात पॉइंटरने, म्हणजे पुढच्या घटकाचा पत्ता धरून ठेवणाऱ्या दुव्याने, जोडलेल्या रचना पडद्यावर हलताना दिसतात. कॅनडातील टोरांटो विद्यापीठात रोनाल्ड बेकर यांनी १९८१ मध्ये ‘सॉर्टिंग आउट सॉर्टिंग’ हा सुमारे अर्ध्या तासाचा चित्रपट तयार केला. त्यात क्रम लावण्याच्या नऊ पद्धती आहेत आणि त्यांपैकी ट्री सिलेक्शन व हीपसॉर्ट या दोन तर ट्रीवरच उभ्या आहेत. त्याच दशकात ब्राउन विद्यापीठात मार्क ब्राउन आणि रॉबर्ट सेजविक यांनी ‘बाल्सा’ ही प्रणाली उभारली आणि अल्गोरिदम, म्हणजे एखादे काम तडीस नेणाऱ्या पायऱ्यांचा निश्चित क्रम, विद्यार्थ्याला आपल्यासमोरच्या पडद्यावर चालताना पाहता येऊ लागला.

त्यानंतर बदलली ती प्रामुख्याने उपलब्धता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपले अभ्यासक्रम सर्वांना खुले करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. भारतात आयआयटी संस्था आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये ‘एनपीटेल’ हा उपक्रम सुरू केला. दिल्ली आयआयटीचे नवीन गर्ग यांची डेटा स्ट्रक्चर्सवरील व्याख्याने याच उपक्रमातील असून, सुमारे तासाभराच्या त्या व्याख्यानांचा वर्गातला संथ, नेमका सूर आजच्या झगमगीत चित्रफितींच्या गर्दीत उलट विश्वास देणारा वाटतो. प्रिन्स्टन विद्यापीठाचे सेजविक आणि केविन वेन यांचा अल्गोरिदमचा अभ्यासक्रम २०१२ मध्ये कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणमंचावर आला. १९७८ मध्ये लिओ गिबास यांच्यासह ‘रेड-ब्लॅक ट्री’ या रचनेला तिचे आजचे नाव आणि रूप देणारे सेजविकच तिथे ती रचना शिकवतात. ज्याने रचना घडवली त्याच्याच तोंडून ती ऐकण्याची ही सोय पूर्वी एका विद्यापीठाच्या चार भिंतींपुरती होती. याखेरीज हर्षा सूर्यनारायण आणि अनिमेश नायन यांच्या ‘मायकोडस्कूल’ने भारतात वेगळाच नमुना घालून दिला. एका चित्रफितीत एकच मुद्दा, पडद्यावर स्मृतीतल्या पत्त्यांसह काढलेले चौकोन, आणि शेजारी ओळीओळीने वाढत जाणारा प्रोग्राम, अशी ती मांडणी होती. हर्षा यांचे २०१४ मध्ये अपघाती निधन झाले. त्यांचे धडे अजून पाहिले जातात.

या सर्व धड्यांची सुरुवात साधारणपणे ‘बायनरी सर्च ट्री’पासून होते. बायनरी म्हणजे एका नोडला जास्तीत जास्त दोन चिल्ड्रन. आणि नियम असा, की कोणत्याही नोडच्या डाव्या बाजूला त्याच्याहून लहान किमती आणि उजव्या बाजूला मोठ्या. ५०, ३०, ७०, २०, ४०, ६०, ८० या संख्या याच क्रमाने घातल्या तर ५० रूटवर बसतो, ३० त्याच्या डावीकडे, ७० उजवीकडे आणि उरलेल्या चार संख्या तिसऱ्या पातळीवर नीट विभागून बसतात. ६० शोधायचा असेल तर ५० पाहून उजवीकडे, ७० पाहून डावीकडे, आणि तिसऱ्या तुलनेत तो हाती लागतो. आधी डावी बाजू, मग स्वतः नोड, मग उजवी बाजू अशा क्रमाने सगळा ट्री फिरून आले, तर संख्या चढत्या क्रमाने बाहेर पडतात. या फेरीला ‘इनऑर्डर ट्रॅव्हर्सल’ म्हणतात. ‘प्रीऑर्डर’ आणि ‘पोस्टऑर्डर’ या तिच्या बहिणी, आणि ‘लेव्हल ऑर्डर’ ही पातळीनुसार चालणारी चौथी. हा भाग चित्रफितीतून खरोखरच चांगला कळतो. संख्या वरून खाली घरंगळत आपल्या जागी जाऊन बसताना डोळ्यांना दिसते, आणि त्यावर अधिक भाष्याची गरज उरत नाही.

मात्र त्याच संख्या २०, ३०, ४०, ५० अशा चढत्या क्रमाने घातल्या, की प्रत्येक नवा नोड उजवीकडेच जातो आणि ट्रीची एक लांबलचक साखळी होते. दहा लाख नोंदी नीट विभागलेल्या ट्रीमध्ये सुमारे २० तुलनांत शोध संपतो. साखळीत तो दहा लाखांपर्यंत जाऊ शकतो. सात नोडच्या आकृतीत हा फरक तीन पायऱ्या आणि सात पायऱ्या इतकाच दिसतो, आणि म्हणून पाहणाऱ्याच्या मनावर त्याचा म्हणावा तितका ठसा उमटत नाही. ज्याने पायथॉनमध्ये नोड घालण्याचे फंक्शन रिकर्शनने लिहून त्याला १ पासून २००० पर्यंतच्या संख्या क्रमाने दिल्या आहेत, त्याच्या ते पक्के लक्षात राहते. कारण पायथॉनची रिकर्शनची मर्यादा मुळात १००० असते, आणि निम्म्या संख्याही घालून होण्याआधी प्रोग्राम ‘रिकर्शन एरर’ देऊन मान टाकतो.

या साखळीवरचा पहिला इलाज सोव्हिएत संघातील गणिती गिओर्गी अ‍ॅडेल्सन-वेल्स्की आणि येवगेनी लांडिस यांनी १९६२ मध्ये मांडला, आणि त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्या रचनेला ‘एव्हीएल ट्री’ हे नाव पडले. कोणत्याही नोडच्या डाव्या आणि उजव्या बाजूंच्या उंचीत एकाहून अधिक फरक पडू द्यायचा नाही, आणि पडलाच तर ‘रोटेशन’ करून, म्हणजे काही दुवे फिरवून, तोल सावरायचा, ही त्यामागची कल्पना. एवढ्या एका नियमामुळे दहा लाख नोंदींचा ट्री कितीही वाईट परिस्थितीत २८ पातळ्यांच्या वर जात नाही.

चित्रफितीची ताकद आणि तिची खोट ही दोन्ही रोटेशनपाशी एकदमच दिसतात, त्यामुळे इथे थोडे थांबणे भाग आहे. समजा, रूटवर ५० आहे, त्याच्या डावीकडे ३० आणि उजवीकडे ६०. ३० च्या खाली डावीकडे २० आणि उजवीकडे ४०. आता १० ही संख्या आली आणि ती २० च्या डावीकडे बसली. ५० ची डावी बाजू तीन पातळ्यांची झाली आणि उजवी एकाच पातळीची राहिली, म्हणून तोल गेला. यावर उपाय म्हणजे उजवीकडे रोटेशन: ३० ने वर यावे, ५० ने त्याचे उजवे चाइल्ड व्हावे, आणि आजवर ३० च्या उजवीकडे असलेल्या ४० ने ५० च्या डावीकडे जाऊन बसावे. ४० हा ३० हून मोठा आणि ५० हून लहान असल्यामुळे त्याची ही नवी जागा नियमात अचूक बसते. पडद्यावर हे सगळे दोन सेकंदांत घडते. ३० डौलाने वर सरकतो, ५० खाली उतरतो, ४० चा दुवा एका हातातून सुटून दुसऱ्या हातात जातो, आणि पाहणारा मान डोलावतो.

अडचण अशी, की पडद्यावर तिन्ही हालचाली एकाच वेळी होतात आणि यंत्रात त्या एकामागून एक होतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधी ‘३० च्या उजवीकडे ५०’ असे लिहिले, तर त्या क्षणी ४० चा पत्ता पुसला जातो. मग पुढच्या ओळीत ‘३० च्या उजवीकडे जे आहे ते ५० च्या डावीकडे’ असे म्हटले, की ३० च्या उजवीकडे आता खुद्द ५० असल्यामुळे ५० हा स्वतःचेच डावे चाइल्ड बनतो. ट्रीमध्ये कधीही नसावे ते वर्तुळ तयार होते, ४० कायमचा हरवतो, आणि इनऑर्डर फेरी मारणारे फंक्शन ५० भोवती घिरट्या घालत राहते. योग्य क्रम उलटा आहे: आधी ४० ला ५० च्या डावीकडे जोडायचे, मग ५० ला ३० च्या उजवीकडे, आणि शेवटी वरच्या पालकाला सांगायचे की आता या जागी ५० नसून ३० आहे. ही तिसरी पायरी विसरणाऱ्यांची संख्याही कमी नसावी, कारण आकृतीत रूटच्या वर काही काढलेलेच नसते. अ‍ॅनिमेशनने काही खोटे सांगितलेले नसते, पण प्रोग्रामरचे खरे काम ज्या क्रमात आहे तो क्रमच त्याने पोटात घातलेला असतो. या दृष्टीने फिलिप गुओ यांचे ‘पायथॉन ट्यूटर’ हे साधन कितीतरी दिमाखदार अ‍ॅनिमेशनपेक्षा उपयोगी आहे; त्यात विद्यार्थी स्वतःचा प्रोग्राम घालतो, एका वेळी एकच ओळ चालवतो, आणि नेमका कोणत्या ओळीनंतर कोणता बाण भलतीकडे वळला हे त्याला दिसते.

शिक्षणशास्त्रातील संशोधनाचा कलही याच दिशेचा आहे. क्रिस्तोफर हुंडहाउझेन, सारा डग्लस आणि जॉन स्टास्को यांनी अल्गोरिदमच्या दृश्य सादरीकरणावरील २४ प्रयोगांचा एकत्रित आढावा २००२ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यांचा निष्कर्ष असा होता, की पडद्यावर काय दिसते यापेक्षा विद्यार्थी त्याचा वापर कसा करतो यावर शिकणे जास्त अवलंबून असते. पुढचे चित्र काय असेल याचा आधी अंदाज बांधणारा, स्वतः निवडलेल्या संख्या घालून पाहणारा विद्यार्थी पुढे जातो. नुसता पाहणारा फारसा पुढे जात नाही. गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरील चार अभ्यासक्रमांतील, चित्रफिती पाहण्याच्या ६९ लाख सत्रांचा अभ्यास केला, तेव्हा चित्रफीत कितीही लांब असली तरी सर्वसाधारण प्रेक्षक सहा मिनिटांच्या आतबाहेरच टिकतो आणि हाताने काढत नेलेल्या आकृत्या तयार स्लाइडपेक्षा अधिक धरून ठेवतात, असे दिसले. यावरून लहान चित्रफीतच चांगली असा निष्कर्ष अनेकांनी काढला आहे. तो घाईचा वाटतो. पाहणारा टिकला याचा अर्थ त्याला कळले असा होत नाही, आणि रेड-ब्लॅक ट्रीतून नोड काढण्याचा भाग सहा मिनिटांत कोंबला, तर नोडचे लाल-काळे रंग बदलण्याचे नियम पाठ होतात पण ते तसे का आहेत हे बाजूलाच राहते.

दुसरी खोट उदाहरणांच्या निवडीत असते. ट्रीमधून दोन्ही बाजूंना चिल्ड्रन असलेला नोड काढायचा असेल, तर त्याच्या उजव्या बाजूतील सर्वांत लहान किंमत त्याच्या जागी आणायची, अशी प्रचलित रीत आहे. वरच्या सात संख्यांच्या ट्रीतून ५० काढायचा म्हटले, की ६० वर येतो, आणि ६० लीफच असल्यामुळे मागे काही उरत नाही. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने हे उदाहरण सोयीचे, म्हणून ते वारंवार भेटते. पण ६० च्या उजवीकडे ६५ असता, तर ६० वर गेल्यावर ६५ ला ७० च्या डावीकडे नेऊन जोडावे लागले असते; आणि ७० च्या डावीकडे काहीच नसते, तर खुद्द ७० हीच उजव्या बाजूतील सर्वांत लहान किंमत ठरून, ‘पालकाच्या डाव्या दुव्यात बदल करा’ असे गृहीत धरून लिहिलेला प्रोग्राम चुकीचा दुवा तोडून मोकळा झाला असता. चित्रफीत मध्येच थांबवून, समोरच्या आकृतीत ६५ घातला किंवा ६० पुसला तर काय होईल, हे वहीत काढून पाहणे हा या विषयाचा खरा अभ्यास होय. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात स्टीव्हन हालिम यांनी उभारलेल्या ‘व्हिज्युअल्गो’वर अशा आडवळणाच्या संख्या घालून वहीतले उत्तर ताडून घेता येते, फक्त वही आधी आणि पडदा नंतर हा क्रम पाळावा लागतो.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या अनेक विद्यार्थ्यांपुढे याखेरीज भाषेचा प्रश्न असतो. बारावीपर्यंत मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला तासाभराचे इंग्रजी व्याख्यान ऐकताना एकाच वेळी भाषा आणि रिकर्शन अशा दोन आघाड्यांवर लढावे लागते. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरवरील आपले छोटे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित केले, आणि त्यात विद्यार्थ्याने धडा चालू-बंद करत बरोबरीने स्वतः काम करावे अशी योजना मुळापासूनच ठेवली. ही योजना ट्रीसारख्या विषयालाही चपखल लागू पडेल अशी आहे. वर्गात एरवीही ‘नोड इन्सर्ट केला, आता बॅलन्स चेक करायचा’ अशीच भाषा चालते, आणि त्यात काही बिघडत नाही. संज्ञा इंग्रजी राहिल्या तरी ‘का’ आणि ‘म्हणून’ हे मराठीत ऐकायला मिळाले की विद्यार्थ्याचे निम्मे ओझे उतरते.

मुलाखतीच्या तयारीसाठी केलेल्या मालिकांत आणखी एक गोष्ट ठळकपणे गळते. बायनरी ट्रीवरचे दहा-वीस ठरावीक प्रश्न घोटून घेतले जातात आणि ज्या ट्रीवर जगाचा रोजचा व्यवहार चालतो तो ‘बी-ट्री’ मात्र बाहेर राहतो. बोइंग या विमानकंपनीच्या प्रयोगशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी १९७० च्या सुमारास तो घडवला. डिस्कवरची माहिती वाचणे हे स्मृतीतील माहिती वाचण्याच्या तुलनेत अतिशय संथ काम असल्यामुळे, डिस्ककडे शक्य तितक्या कमी वेळा जावे लागेल अशी रचना त्यांना हवी होती. म्हणून बी-ट्रीच्या एका नोडमध्ये एक किंमत नसते, शेकडो असतात, आणि त्यातून शेकडो वाटा फुटतात. एका नोडला २०० चिल्ड्रन धरली, तर तीन पायऱ्या उतरताच ८० लाख ठिकाणांपर्यंत पोहोचता येते. पडद्यावर दाखवताना मात्र सोयीसाठी नोडमध्ये दोन-तीनच किमती घेतात, त्यामुळे हा ट्री बायनरी ट्रीचा जरा बोजड भाऊबंद वाटतो आणि त्यामागचे डिस्कचे कारण पाहणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. नवीन गर्ग यांच्या मालिकेत डिस्कवरील रचनांना वेगळा तास दिलेला आहे, हे त्या जुन्या व्याख्यानांच्या बाजूने सांगावेसे वाटते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये वेगळे काही न सांगता इंडेक्स, म्हणजे नोंदी झटकन शोधण्यासाठीची सूची, तयार करा म्हटले, की तो बी-ट्रीचाच तयार होतो. डेटाबेसच्या प्रात्यक्षिकात ती एक ओळ टंकणाऱ्या विद्यार्थ्याने ट्रीच्या सगळ्या चित्रफिती पाहिलेल्या असतात, पण त्या ओळीमागे नोड दुभंगत आहेत आणि नव्या पातळ्या चढत आहेत हे त्याला बहुधा कोणी दाखवलेले नसते.